नंतरवाले सीलासभाऊ

सीलास पाटोळे आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि त्या भांडणात चूक त्यांचीच होती असं मी आजही म्हणतो.

साल एक्याऐंशी. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळया काढणाऱ्या एका रोलिंग मिलमध्ये मी टाइमकीपर म्हणून नुकताच लागलो होतो. काम सोपं होतं. फाटकाजवळच्या खिडकीत बसायचं, कामगार आला की त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला त्याला द्यायचा, पाळी सुटली की तो परत घेऊन फळीवर टांगायचा. फळी भरली की रजिस्टर बंद आणि मी सायकलवर घरी. त्या दिवशी तीनचा भोंगा झाला, सगळे बिल्ले आले, पण सतरा नंबरचा खिळा रिकामाच. दहा मिनिटं गेली, वीस गेली. माझं डोकं फिरलं. नव्या नोकरीत माणसाला राग जरा जास्तच येतो. मी तरातरा भट्टीकडं गेलो.

भट्टीच्या तोंडाशी एक बुटका, काटक माणूस लांब दांड्याची सांडशी धरून उभा होता. आचेनं भुवया जळून गेलेल्या, त्यामुळं चेहऱ्यावर कायम थोडं नवल वाटत असल्यासारखं दिसायचं.

“भोंगा ऐकू आला न्हाई का?” मी ओरडलो.

“आला की.”

“मंग?”

“रिलीव्हर आला न्हाई.”

रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येऊन उभा राहिल्याशिवाय भट्टी सोडायची नाही, असं भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. लिहिलेलं होतं इतकंच. भोंगा झाला की लोक सांडशी भिंतीला टेकवून पळायचे, आणि मधली दहा-पंधरा मिनिटं भट्टी देवाच्या हवाल्यावर असायची. मी म्हणालो, “तुम्ही काय एकटेच नियम पाळणारे का?” ते म्हणाले, “दुसऱ्याचं मला काय ठाऊक. माझ्या हातात सांडशी आहे.” माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. डोळे भट्टीवर.

रिलीव्हर भोंग्यानंतर पस्तीसेक मिनिटांनी आला. त्याची सायकल पंक्चर झाल्ती. सीलासभाऊंनी सांडशी खाली न ठेवता त्याच्या हातात दिली, मगच घाम पुसला. मग सावकाश खिडकीशी आले, बिल्ला ठेवला आणि विचारलं, “टाइमकीपर, किती वाजले?”

“पावणेचार,” मी फणकाऱ्यानं म्हणालो.

त्यांनी माझ्या मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. “तीन वाजून एक्केचाळीस. बराबर लिहा.”

असा संताप आला होता मला! पण त्या दिवसापासून रोजचा रिवाज पडला. पाळी सुटली की बिल्ला ठेवायचा आणि विचारायचं, “टाइमकीपर, किती वाजले?” मी हातातलं चावीचं घड्याळ बघून मिनिटासकट सांगायचो, आणि ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघायचे. ते घड्याळ मी रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांना लावायचो. हळूहळू मला त्या प्रश्नाची सवयच लागली. एखाद्या दिवशी त्यांची सुट्टी असली तर चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

सीलासभाऊ ख्रिस्ती. आमच्या मिलमध्ये त्यांच्या समाजाचे पाच-सहाजण होते, पण धर्मावर बोलणारे हे एकटे. तेही कोणी विचारलं तरच. विचारणारा बहुतेक मीच असायचो, कारण मला डिवचायची खोड. त्यांच्या डब्याच्या पिशवीत बियाण्याच्या थैलीच्या कापडात गुंडाळलेलं शास्त्र, म्हणजे बायबल, असायचं. त्यात तीन रंगांच्या पेन्सिलींच्या खुणा. लाल, निळी आणि हिरवी. एकदा चहाच्या टपरीवर मी म्हणालो, “भाऊ, शास्त्रात काय रांगोळी काढली का?”

मग त्यांनी आम्हाला ते समजावलं. टपरीवाला, दोन हमाल आणि मी. एवढे शिकलेले लोक मी पुढं ऐकले, पण इतकं सोपं करून कोणी सांगितलं नाही.

“असं बघा. आमच्यात मानतात की शेवटी सात वर्षांचं एक मोठं संकट येणार. समजा, सात वर्षांची एक पाळी. भट्टी अशी पेटणार की कधी पेटली न्हाई. आता मालक, म्हणजे आमचा प्रभु, आपल्या माणसांना वर उचलून घेणार, यात कोणाचं भांडण न्हाई. भांडण आहे ते कधी उचलणार याचं. काही म्हणतात, भट्टी पेटायच्या आधीच. ते आधीवाले. काही म्हणतात, अर्ध्या पाळीला, जेवणाच्या सुट्टीत. ते मधवाले. आणि काही म्हणतात, पाळी पूर्ण होईल, मालक सोता फाटकात येईल, तव्हा.”

“आणि तुम्ही?”

“मी नंतरवाला.”

हमाल हसायला लागले. भट्टीवर उभं राहून राहून या माणसाला आगीची चटक लागली, असं एकजण म्हणाला. सीलासभाऊही हसले. खुणांचं म्हणाल तर लाल आधीवाल्यांच्या वचनांना, म्हणजे शास्त्रातल्या त्यांच्या बाजूच्या ओळींना, निळी मधवाल्यांच्या, हिरवी स्वतःच्या बाजूच्या. मी विचारलं, दुसऱ्यांच्या वचनांना कशाला खुणा? तर म्हणे, “त्यांचंबी वाचावं लागतं. न्हाई तर आपणच शहाणे वाटून राह्यलो.”

“पण भाऊ, सुखानं आधी जायचं सोडून तुम्हाला मागं राहायची एवढी हौस का?”

यावर मात्र ते हसले नाहीत. “हौस न्हाई हो. पण संकटात आपण सगळे निघून गेल्यावर मागं राहिलेल्यांना पाणी कोण पाजणार? मालक आपल्या माणसाला आगीतून काढील. आगीच्या आधी न्हाई.”

मी दर चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाणारा माणूस. मी विचारलं, “मंग त्या दिवशी आमचं काय?” खोटी गोड गोष्ट त्यांना सांगता यायची नाही. म्हणाले, “ते मला ठाऊक न्हाई, टाइमकीपर. ते ठरवणारा मी न्हाई.” त्या दिवसापासून मिलमध्ये त्यांचं नाव ‘नंतरवाले’ पडलं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. हाक मारली की ओ द्यायचे.

त्यांच्या गल्लीत गुणामावशी म्हणून एक म्हातारी होती, कट्टर आधीवाली. ती आणि सीलासभाऊ यांचं या विषयावर रोज वाजायचं. उन्हाळ्यातला एक किस्सा ते स्वतःच रंगवून सांगायचे. सकाळी रात्रपाळी करून घरी आले तर गल्ली रिकामी. दारं सताड उघडी, चुलीवर भाकरी करपून राह्यली, पाळण्यात पोर नाही, ओट्यावर माणूस नाही. आणि गल्लीच्या मधोमध गुणामावशी ऊर बडवत बसलेली. बिचारी मागच्या माळावर गेल्ती, परत आली तर कोणीच नाही. “अरे सीलास, सगळे वर गेले रे! मलाच ठेवलं! माझ्याच्यानं काय चुकलं रे देवा!”

“मंग तुम्ही काय केलं?” मी विचारलं.

“आधी भाकरी उतरवल्या. शेळ्या सुटल्या होत्या, त्या बांधल्या. मंग मावशीला म्हणालो, मावशी, बारकाईनं बघा. कोणाच्याच दारात घागर न्हाई. प्रभूकडं जाताना माणसं घागरी कशाला नेतील?”

पाण्याचा टँकर आला होता. आमच्या जालन्यात उन्हाळ्यात टँकर आला की गल्ली कशी रिकामी होते ते इथल्याच माणसाला कळेल. सगळे कोपऱ्यावर भांडत होते. आम्ही टपरीवर पोट धरून हसलो. पण हसू ओसरल्यावर सीलासभाऊ हळूच मला म्हणाले, “एक सांगू का? घागरीचं ध्यानात येईपर्यंत माझ्याबी छातीत धस्स झाल्तं. म्हणालो, सीलास, तुझा हिशेब चुकला.” असा हा माणूस. स्वतःची भीतीसुद्धा लपवून ठेवायचा नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जी सांगताना अजून माझी मान खाली जाते.

सत्त्याऐंशी साली रज्जाक नावाच्या पोरसवदा कामगाराची दोन बोटं रोलमध्ये गेली. पाळी सुटायला पाच मिनिटं कमी होती. मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, त्याचा बिल्ला अपघाताच्या पाच मिनिटं आधी आला होता असं लिहा. म्हणजे पाळी संपवून तो उगीच मशीनजवळ रेंगाळला आणि चूक त्याची. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, नोकरी हवी होती. मी लिहिलं. स्वतःच्या हातानं, शाईच्या पेनानं, अपघाताच्या आधीची वेळ लिहिली. मग साक्षीदाराच्या सहीसाठी तो कागद सीलासभाऊंकडं गेला, कारण रज्जाक त्यांच्याच हाताखाली होता.

त्यांनी कागद वाचला आणि परत दिला. “भोंग्याला पाच कमी होते तव्हा त्याची बोटं गेली. तव्हा बिल्ला त्याच्या खिशात होता. मी सही न्हाई करणार.”

मॅनेजरनं गोड बोलून बघितलं, ओरडून बघितलं. सीलासभाऊंचं एकच, “पाच कमी होते.” त्यांना भट्टीवरून काढून उघड्या आवारात भंगार वेचायला लावलं. सहा महिने उन्हात. मला वाटलं, माझ्यावर चिडतील, शिवी देतील. मला तेच हवं होतं. पण तसं काही झालं नाही. फक्त एक झालं. दुसऱ्या दिवशी पाळी सुटली, त्यांनी बिल्ला खिडकीत ठेवला, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि निघून गेले. मला वेळ विचारली नाही. त्यानंतर कधीच नाही.

बोलणं सुरू होतं, हं. चहा व्हायचा, थट्टा व्हायची, माझ्या मुलीच्या बारशाला ते आले. पण तो एक प्रश्न बंद झाला. मीही कधी विषय काढला नाही. लाज वाटायची, दुसरं काय.

नऊ वर्षं अशी गेली. त्यांची मुलगी रूथ बियाण्याच्या कारखान्यात सरकी निवडायच्या विभागात लागली. तिथंच मशीन दुरुस्त करणाऱ्या आनंदशी तिचं जमलं. पोरगा चांगला, वडीगोद्रीचा, ख्रिस्तीच. सीलासभाऊ खूश, त्यांची बायको मार्थावहिनी तर हवेत. पण अडलं ते भलतीकडंच. आनंदची मंडळी, म्हणजे त्यांच्या चर्चचे लोक, आधीवाली होती. त्यांच्या पाळकसाहेबांची, म्हणजे धर्मगुरूंची, रीत अशी की लग्न लावायच्या आधी वधू-वरांच्या वडिलांनी विश्वासाच्या एका छापील पत्रकावर सही करायची. सहा कलमं. पहिली पाच कोणत्याही ख्रिस्ती माणसाला मान्य होतील अशी. सहावं कलम, संकटाच्या आधीच मंडळी वर उचलली जाईल.

मार्थावहिनी मला घरी बोलावून रडल्या. “भाऊजी, तुम्ही समजवा यांना. एक सही तर करायची आहे! पोरगी तेवीसची झाली. वर उचलतील तव्हा उचलतील, आधी हिला तर उजवा!”

मी सीलासभाऊंना म्हणालो, “भाऊ, आधी की नंतर, याचा निकाल काही आपल्या हयातीत लागत न्हाई. करून टाका.”

ते म्हणाले, “टाइमकीपर, मला जे खरं वाटत न्हाई, त्याच्याखाली माझं नाव कसं लिहू?” मला रज्जाकचा कागद आठवला आणि मी उठलो.

एका रविवारी मला सोबत घेऊन ते वडीगोद्रीला गेले. बघा, गणपतीचा भक्त मी, आणि निघालो होतो कुठला वाद मिटवायला! पाळकसाहेब सत्तरीचे, ताठ, पांढरेशुभ्र कपडे. चहा झाला. पत्रक पुढं आलं. सीलासभाऊंनी चष्मा लावून ते अक्षर न् अक्षर वाचलं. पेन मागितलं. पहिल्या कलमाखाली सही केली. दुसऱ्याखाली केली. अशा पाच सह्या केल्या आणि सहाव्यापाशी पेनाला टोपण लावलं.

“एवढं कोरं राहू द्या, साहेब.”

“सही शेवटी एकच करायची असते, पाटोळे.”

“म्हणून तर पाच केल्या.”

पाळकसाहेबांना राग आला, पण ते ओरडले नाहीत. त्यांचंही म्हणणं साधं होतं, आणि मला ते पटलं हे सांगितलंच पाहिजे. म्हणाले, “माझ्या मंडळीत जास्त करून बाया आहेत. कोणाचा नवरा गेला, कोणाचं लेकरू गेलं, कोणी उसाच्या फडावर पाठ मोडून घेतली. प्रभु तुम्हाला पुढच्या मोठ्या आगीच्या आधी घेऊन जाईल, एवढ्या एका गोष्टीवर त्या जगून राहिल्या. त्यांना मी काय सांगू? तुमचं अजून बाकी आहे म्हणून?”

सीलासभाऊंनी चष्मा काढून खिशात ठेवला. म्हणाले, “त्यांना तुम्ही सांगताय ते सांगा. मी कोणाचा धीर काढायला आलो न्हाई. पण माझ्याकडून सही मागू नका.”

“मग लग्नाच्या दिवशी पत्रक घेऊन येतो. तोवर विचार करा. सही झाली तरच लग्न लावीन.”

“या. सही होणार न्हाई. जेवण मातर होईल.”

परतीच्या जीपमध्ये मी त्यांना सडकून बोललो. हट्टी म्हणालो, लेकीच्या जिवावर उठलेत म्हणालो. घरी आलो तर रूथ दारातच उभी. तिनं सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “बाबा, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही खोटी सही केली तर मीच लग्नाला उभी राहणार न्हाई.” मार्थावहिनींनी कपाळाला हात लावला. बापाचं पाणी ते, कुठं जाणार!

लग्न मे महिन्यात ठेवलं. जालन्यातल्या त्यांच्या छोट्या देवळात, दुपारी चार वाजता. देऊळ हा त्यांचाच शब्द, चर्चला ते देऊळच म्हणायचे. लग्न लावणार वडीगोद्रीचे पाळकसाहेब, कारण तसा शब्द आनंदच्या घरच्यांनी त्यांना दिलेला. चार वाजले. रूथ पांढऱ्या साडीत तयार. वऱ्हाड नाही. पाच वाजले, नाही. सहा वाजले. मंडपात कुजबुज सुरू झाली की सहीवरून मोडलं, ते येत नाहीत. आचारी विचारायला लागला, भात टाकू का? गुणामावशी, तोवर पार वाकलेली, पण जीभ शाबूत, खुर्चीतून ओरडली, “अरे सीलास, नंतरवाल्याच्या घरी नवरदेवबी नंतरच येणार!” कोणी हसलं नाही.

सीलासभाऊ फाटकात उभे होते, दुपारी चारपासून. खुर्ची दिली तर बसले नाहीत. मी म्हणालो, “भाऊ, आत तरी चला.” म्हणाले, “येतील. आल्यावर फाटकात कोणी नको का?” तेच ते भट्टीवरचं उभं राहणं. मला त्यांची काळजी वाटत होती आणि रागही येत होता.

आणि आणखी एक घोर होता, जो आम्हा बाकीच्यांना तोवर ठाऊकच नव्हता. त्यांच्या मंडळीतल्या एका मास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ख्रिस्ती लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत लावायचं असा सरकारी कायदा आहे. सात वाजून गेले की पाळकाला लग्न लावता येत नाही. हे ऐकल्यापासून मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होतो.

टेम्पो आला. वाटेत दोनदा टायर फुटलं होतं, एक तर पार चिंध्या झालं होतं. माणसं धुळीनं माखलेली, आनंदच्या कोटाला ऑइल लागलेलं. त्यानंच चाक बदललं होतं. पाळकसाहेब टेम्पोच्या पुढच्या सीटवरून उतरले, छातीशी नोंदवही आणि ते पत्रक धरलेलं. उजेड अजून होता. मावळतीकडं लालसर.

“जल्दी करा, जल्दी!” सगळीकडं एकच गलका. रूथला आत नेलं. पेटीवाला बसला. पाळकसाहेब वेदीपाशी गेले, पत्रक सहीसाठी बाजूला ठेवलं आणि नोंदवही उघडली. तिच्यात वेळही लिहायची त्यांची पद्धत होती. त्यांनी मान वर केली. देवळातलं घड्याळ कधीचं बंद पडलेलं. ते म्हणाले, “सात वाजून गेले तर नाहीत ना?”

सगळ्यांचं तोंड माझ्याकडं. मिलचा टाइमकीपर. या गल्लीतली निम्मी घड्याळं माझ्या घड्याळावर लावलेली. मास्तर माझ्या कानाशी लागले, “सातला पाच कमी म्हणा. अजून उजेड आहे, कोण बघतंय.” मार्थावहिनींनी माझ्यासमोर अक्षरशः हात जोडले. आनंदचा बाप म्हणाला, “एवढं तर करा.” आणि माझ्या घड्याळात सात वाजून सहा मिनिटं झाली होती.

पाच कमी. पुन्हा तेच ‘पाच कमी’ माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. आणि या वेळी कोणाची बोटं जाणार नव्हती, उलट एका पोरीचं भलं होणार होतं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो ते देवालाच ठाऊक.

तेवढ्यात सीलासभाऊ फाटकातून आत आले. गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर उभे राहिले. मुलीकडं बघितलं नाही, बायकोकडं बघितलं नाही.

“टाइमकीपर, किती वाजले?”

नऊ वर्षांनी विचारलं. सगळ्यांसमोर रडू येईल की काय अशी भीती वाटली. मी घड्याळाकडं बघितलं, आणि पुन्हा बघितलं.

“सात वाजून सहा झाले, भाऊ.”

गर्दीत कोणीतरी मला शिवी घातली. सीलासभाऊंनी मान हलवली आणि पाळकसाहेबांकडं वळले. “साहेब, उशीर झाला. आज न्हाई. उद्या सकाळी सहाला लावा. सगळे इथंच राहा. भात तयार आहे.”

पाळकसाहेबांनी नोंदवही मिटली. बाजूला ठेवलेलं पत्रक उचललं, पाच सह्यांचं, एक जागा कोरी असलेलं. मला वाटलं, आता हे फाडतात. त्यांनी त्याची घडी घातली आणि नोंदवहीत ठेवून दिलं. “पाटोळे,” ते म्हणाले, “तुम्ही चुकताय असंच मी अजूनही म्हणतो. प्रभु आधीच नेणार. पण जो माणूस पोरीच्या लग्नात सहा मिनिटं मागं सरकवत नाही, त्याची कोरी जागा मला चालेल.”

“आणि आधी नेलं तर,” सीलासभाऊ म्हणाले, “वर भेटल्यावर मी तुमची माफी मागीन.”

तेव्हा कुठं सगळ्यांत पहिल्यांदा हसू फुटलं. त्या रात्री आधीवाले आणि नंतरवाले एकाच सतरंजीवर, एकाच मांडवात झोपले. सकाळी सहा वाजता माझ्या इशाऱ्यावर मास्तरांनी घंटा वाजवली आणि लग्न लागलं. नोंदवहीत पाळकसाहेबांनी वेळ लिहिली ती मला विचारून. साक्षीदाराच्या सह्यांत एक माझी आहे. माझ्या आयुष्यात अभिमान वाटावा अशा सह्या फार नाहीत, पण ती आहे.

पुढं मिल बंद पडली. शेवटच्या दिवशी सीलासभाऊंना रिलीव्हर येणारच नव्हता, भट्टी थंड होत होती. तरी ते उभे. शेवटी मी खिडकी सोडून गेलो आणि म्हणालो, “द्या इकडं, मी आलो.” त्यांनी सांडशी माझ्या हातात दिली. मेली केवढी जड असते!

मार्थावहिनी गेल्यावर ते रूथकडं वडीगोद्रीला राहायला गेले. आधीवाल्यांच्या गावात, त्याच पाळकसाहेबांच्या मंडळीत, रविवारी पहिल्या बाकावर. दोघे म्हातारे रोज संध्याकाळी वाद घालायचे असं रूथ सांगायची. पाळकसाहेब वारले तेव्हा त्यांच्या उशाशी हेच बसलेले होते.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते साधारण दोन हजार पाच साली. कामासाठी जाताना बस वडीगोद्रीला थांबली. हायवेला लागून आनंदचं गॅरेज होतं, त्याच्या सावलीत स्टुलावर ते बसलेले. भट्टीच्या आचेनं डोळे पार गेले होते. दिसत नव्हतं. मी हाक मारली तर आवाजावरून ओळखलं, माझा हात हातात घेतला. गुडघे, साखर, रूथची पोरं, असं सगळं बोलणं झालं. मी थट्टेनं विचारलं, “काय भाऊ, अजून नंतरवालेच का?”

“हो तर! एवढं थांबलो, आता काय बदलू?”

कंडक्टरनं घंटी मारली. मी उठलो. त्यांनी हात सोडला नाही.

“टाइमकीपर, किती वाजले?”

गॅरेजच्या भिंतीवर घड्याळ होतं. मिलमध्ये माझं ऐकून ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचे. आता बघता येत नव्हतं. मी सांगीन तीच वेळ. बस हॉर्न देत होती, तरी मी घड्याळ डोळ्यांजवळ धरून नीट बघितलं.

“पाचला सात कमी.”

“बराबर,” ते म्हणाले, आणि हात सोडून पुन्हा रस्त्याकडं तोंड करून बसले.